तीन हन्ना आणि वेदीची लेस



जुलै महिना आला की ख्रिस्तसभेत आजी-आजोबांची आठवण निघते. 26 जुलैला संत योआकिम आणि संत अन्ना, म्हणजे मरियामातेचे आईवडील, यांचा सण असतो. पोप फ्रान्सिस यांनी 2021 पासून त्याच सुमाराचा, जुलैचा चौथा रविवार, जगभरातील आजी-आजोबा आणि वृद्धांचा दिवस म्हणून ठरवून दिला. त्या रविवारी मुलांसमोर बोलण्याचे काम यंदा माझ्याकडे आले. तयारीला बसलो तेव्हा बायबलच्या आधी स्वतःचीच एक चूक आठवली. ती सांगूनच पुढे जातो.

आमच्या नंदेसरीच्या बाजूला कारखान्यांच्या नोकऱ्यांमुळे आलेली थोडी मराठी ख्रिस्ती कुटुंबे आहेत. त्यांतल्या एका घरी एक आजी आहेत. माहेर श्रीरामपूर तालुक्यातले, वय ऐंशीच्या जवळ. दोन सुयांवर पांढऱ्या बारीक दोऱ्याची जाळीची लेस त्या विणतात. लहानपणी बोर्डिंगमध्ये सिस्टरांनी शिकवलेली ही वीण. वेदीवरच्या कापडाला पुढून लावायला अडीच मीटरची लेस करायची, असे त्यांनी मनाशी ठरवले होते. महिना-दीड महिन्यानंतरही ती हातभर झालेली नाही, असे पाहून मी बोलून गेलो, "आजी, मंगळ बाजारात मीटरवर तयार लेस मिळते. तासाभरात काम होईल. तुम्ही कशाला डोळ्यांना त्रास देता?"

त्या काही बोलल्या नाहीत. सुया दोऱ्यात खोवल्या, पिशवी मिटली. पुढचे तीन आठवडे घरातल्या प्रार्थनेला गेलो तेव्हा खिडकीपाशी ती पिशवी दिसली नाही.

मी चांगल्या हेतूने बोललो होतो. पण आपल्या बोलण्याने एखाद्याच्या हातातले काम थांबले तर हेतू चांगला होता, एवढे म्हणून सुटका होत नाही. म्हणून या कामाचा इतिहास शोधू लागलो. बी.ए.ला माझा विषय इतिहासच होता, पण लेसला इतिहास असतो हे तेव्हा कोणी सांगितले नव्हते.

विणणारी मरिया

आधी एक चित्र. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहराच्या कलासंग्रहालयात साधारण 1400 ते 1410 या काळातले एक वेदीचित्र आहे. मास्टर बर्ट्रम या चित्रकाराच्या नावाने ते ओळखले जाते. त्यात मरियामाता घरात बसून चार सुयांवर बाळ येशूचा अंगरखा विणते आहे. अंगरखा जवळजवळ पूर्ण झाला आहे, गळ्याचे टाके तेवढे सुयांवर आहेत. बाळ येशू जवळच पुस्तक उघडून बसला आहे. आणि समोरून देवदूत येत आहेत, त्यांच्या हातात क्रूस, भाला आणि खिळे आहेत.

शुभवर्तमानकार योहान सांगतो की, क्रूसापाशी शिपायांनी प्रभूची वस्त्रे वाटून घेतली, पण अंगरखा फाडला नाही, कारण तो बिनशिवणीचा, वरपासून खालपर्यंत अखंड विणलेला होता. तो अंगरखा कोणी विणला हे योहान सांगत नाही. चित्रकाराने मात्र त्या ठिकाणी आईला बसवले. सहाशे वर्षांपूर्वीच्या त्या भाविकाला सुया हातात घेतलेली मरिया कमीपणाची वाटली नाही. पुढे जे दुःख येणार आहे ते समोर उभे असतानाही ती टाका सोडत नाही, हे त्याला दाखवायचे होते.

दुष्काळातली लेस

लेस म्हटली की आपल्याला राजेरजवाड्यांचे कपडे आठवतात. पण सामान्य बायांच्या हातात ती अनेक ठिकाणी भुकेमुळे आली.

आयर्लंडमध्ये 1845 नंतर बटाट्याचे पीक सडले आणि मोठा दुष्काळ पडला. सुमारे दहा लाख माणसे मेली, तितकीच देश सोडून गेली. त्या दिवसांत तिथल्या कॉन्व्हेंटांनी मुलींना लेस आणि क्रोशा शिकवायला घेतले. यॉल गावच्या कॉन्व्हेंटमधल्या मदर मेरी अ‍ॅन स्मिथ यांच्याकडे इटालियन लेसचा एक जुना तुकडा होता. शिकवायला कोणी नव्हते, म्हणून त्यांनी तो टाक्याटाक्याने उसवला, प्रत्येक टाका कसा घातला आहे ते पाहिले आणि मग मुलींना शिकवले. 'क्रोशा' हा आपल्या घराघरातला शब्दही मुळात फ्रेंच आहे. त्याचा अर्थ छोटा आकडा. त्या छोट्या आकड्यावर अनेक आयरिश घरांत त्या काळात चूल पेटली.

आपल्या देशात याच्याही आधीची गोष्ट आहे. 1819 साली लंडन मिशनचे चार्ल्स मॉल्ट आणि त्यांच्या पत्नी मार्था मॉल्ट दक्षिण त्रावणकोरात नागरकोइलला आले. मार्थाबाईंनी मुलींची शाळा काढली आणि लेस शिकवायला सुरुवात केली. ही लेस उशीवर टाचण्या टोचून, छोट्या लाकडी फिरक्यांवरचा दोरा एकमेकांत गुंफून करतात. त्या शाळेत गुलाम घरांतल्या मुलीही होत्या. त्रावणकोरात गुलामगिरी कायद्याने बंद झाली ती 1855 मध्ये. त्याआधीच त्यांतल्या काही मुलींनी लेसच्या कमाईतून स्वतःचे मोल भरले आणि त्या मोकळ्या झाल्या.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक खाली ठेवले. मला वाटत होते की लेस म्हणजे पडद्याची झालर. इथे तर तिने बेड्या तोडल्या होत्या.

'बाया घरी बसून असतात'

पण इतिहास अर्धा सांगू नये. आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर आहे. तिथेही मिशनऱ्यांनीच ख्रिस्ती बायांना क्रोशाची लेस शिकवली आणि पुढे तो मोठा धंदा झाला. माल परदेशी जाऊ लागला. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी या बायांचा अभ्यास केला. त्यांचे पुस्तक 1982 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांना दिसले ते असे : हजारो बाया घरचे सगळे काम करून वर रोज कित्येक तास लेस विणत होत्या, पण त्यांना कामगार कोणी मानत नव्हते. त्या 'घरी बसलेल्या' बाया, आणि लेस म्हणजे त्यांचे फावल्या वेळचे काम. काम फावल्या वेळचे ठरले की मजुरीही तशीच ठरते. नफा व्यापाऱ्यांकडे गेला, डोळे बायांचे गेले. 2024 मध्ये नरसापूरच्या क्रोशा लेसला जीआय नोंदणी मिळाली, ही आनंदाची गोष्ट आहे. तो मान विणणारीच्या ताटापर्यंत पोहोचावा, ही आपली प्रार्थना असू द्या.

इथे मला माझे वाक्य पुन्हा ऐकू आले. "तासाभरात काम होईल." मीही आजींच्या कामाला फावल्या वेळचे काम समजलो होतो.

आपल्या मातीत

मराठी मुलुखात सुई आणि पाटी एकाच वेळी मुलींच्या हाती आली. सिंथिया फरार ही अमेरिकन मिशनची अविवाहित शिक्षिका 1827 च्या अखेरीस मुंबईला आली, 1839 मध्ये अहमदनगरला गेली आणि 1862 मध्ये तिथेच वारली. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचे धडे तिच्याकडे घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. अशा मुलींच्या शाळांतून लिहिण्या-वाचण्याबरोबर शिवण आणि विणकाम असे. पुढे क्रोशा आणि सुया ख्रिस्ती घरांपुरत्या राहिल्या नाहीत. रुखवतातले रुमाल, दारावरचे तोरण, बाळाची टोपी, रेडिओवरचे आच्छादन, कोणत्या मराठी घरात हे नव्हते? आमच्या वडोदऱ्यातही महाराणी चिमणाबाईंच्या नावाने 1914 मध्ये स्त्री उद्योगालय निघाले, ते बायांना हातची कला आणि चार पैसे मिळावेत म्हणून.

पण मला सर्वांत जवळची वाटली ती केडगावची हकीकत, कारण तिचा एक धागा आपल्या गुजरातेतून गेला आहे.

1899-1900 चा दुष्काळ इथले जुने लोक 'छप्पनियो' म्हणून ओळखतात. विक्रम संवत 1956 मध्ये पडला म्हणून छप्पनियो. त्या वेळी पंडिता रमाबाईंनी आपल्या मुक्ती मिशनची माणसे गुजरातेत पाठवली आणि भुकेने मरणाऱ्या मुली व बाया केडगावला नेल्या. मुक्तीतली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या जणींना केवळ जेवू घालून भागणार नव्हते. म्हणून तिथे विणकाम, शिवण, शेती, दूधदुभते, तेलाचा घाणा, छापखाना अशी कामे उभी राहिली. अंध बायांसाठी वेगळे सदन झाले, आणि म्हाताऱ्या व अशक्त बायांसाठीही एक झाले. त्याचे नाव ठेवले 'प्रीती सदन'. नाव पाहा. वृद्धाश्रम नाही, अनाथालय नाही, प्रीती सदन.

आणि रमाबाई स्वतः? त्या आपल्या कॅथलिक मंडळीतल्या नव्हत्या, पण त्यांच्यापासून शिकण्यासारखे खूप आहे. उतारवयात त्यांनी एकच संथ काम हाती धरले. हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर. वर्षामागून वर्ष, ओळीमागून ओळ. ऐकू येणे कमी झाले होते. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा देवाघरी गेली. तरी काम सुटले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या, तेव्हा भाषांतर पूर्ण झाले होते. मुक्तीच्याच छापखान्यात बायांच्या हातून ते छापले गेले. 1924 मध्ये ते बाहेर आले, पण रमाबाई ते पाहायला नव्हत्या.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भागही 1934 मध्ये आला, त्यांच्या वयाची पासष्ट वर्षे उलटल्यावर. म्हातारपणाचे काम सावकाश होते म्हणून ते कमी प्रतीचे होते, असे आपल्या इतिहासात तरी दिसत नाही.

एक पान, बारा ओळी

एवढे वाचून झाल्यावर मी आजींकडे गेलो. क्षमा मागितली आणि म्हटले, "आजी, मला ही वीण समजावून सांगा." त्या हसल्या. पिशवी निघाली.

त्यांनी दाखवले ते असे. लेसमध्ये एकेक पान विणायचे. एक पान म्हणजे बारा ओळी, लांबी तीन सेंटिमीटर. जाळी पडते कशी? सुईवर नुसता दोरा घेतला की एक छिद्र तयार होते आणि एक टाका वाढतो. मग शेजारचे दोन टाके एकत्र विणून एक टाका कमी करायचा. जितकी छिद्रे, तितके टाके जोडायचे. हे गणित एका ठिकाणी चुकले की पुढचे सगळे पान वाकडे जाते.

"आणि चुकलं तर?" मी विचारले.

"उसवायचं. पण सगळं नाही. हे बघा." दर पान संपल्यावर त्या एक निळा दोरा सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवतात. पुढे चूक झाली तर तिथपर्यंतच उसवते, निळ्या दोऱ्यापाशी टाके थांबतात. "रात्री झोपताना क्रूसाची खूण करतो ना आपण, तसंच धरा. दिवस तिथं बांधून ठेवायचा."

मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्यापासून ट्यूबलाइटखाली त्यांना पांढरा दोरा दिसत नाही. सकाळी दहा ते बारा, खिडकीतून ऊन येते तेवढ्याच वेळात त्या विणतात. त्याआधी मुलाची रात्रपाळी सुटते, त्याचा चहा, नाश्ता, देवळातल्या वाचनाचे पान उघडून बसणे, गुडघ्याला तेल. दुपारी डोळा लागतो. संध्याकाळी जपमाळ. पावसाळ्यात ढग असले की दोन-दोन दिवस सुया तशाच. एवढ्या दिवसांतून पान तयार होते.

मी कापड मोजले, हिशोब केला आणि म्हटले, "आजी, चौऱ्याऐंशी पानं लागतील."

"माहीत आहे. म्हणून तर एवढी धरलीत. मंदिरातल्या हन्नाबाईचं वय."

मग त्यांनी उशाखालून एक वही काढली. प्रत्येक पानापुढे एक नाव होते. हे पान या घरासाठी, ते पान त्या घरासाठी. कोणाचा मुलगा परगावी आहे, कोणाची नोकरी गेली, कोणाच्या घरी दोन भाऊ बोलत नाहीत. पान चालू असेपर्यंत त्या घरासाठी प्रार्थना. पान संपले की वहीत क्रूसाची खूण. एकोणीस खुणा झाल्या होत्या. विसाव्या ओळीत माझ्या घराचे नाव होते, आणि तिथेच काम थांबले होते.

त्या एवढेच म्हणाल्या, "मास्तर, बाजारची लेस चांगलीच असते. पण ती आणून मी ही नावं कुठं ठेवू?"

मला उत्तर देता आले नाही.

तीन हन्ना

'अन्ना' आणि 'हन्ना' हे मुळात एकच हिब्रू नाव. अर्थ : कृपा. या नावाच्या तीन बाया आपल्या श्रद्धेत आहेत, आणि जुलैच्या रविवारी मुलांना मी त्यांच्याचविषयी सांगणार आहे.

पहिली हन्ना शमुवेलची आई. मूल देवाला देऊन टाकले. मग दरवर्षी ती त्याच्यासाठी एक लहान झगा करून वार्षिक यज्ञाच्या वेळी घेऊन जात असे. मूल समोर नाही, माप कोणी सांगत नाही. वर्षभरात तो किती वाढला असेल याचा अंदाज आईने मनात धरायचा आणि झगा थोडा मोठा करायचा. आपल्यातल्या किती आयांची मुले दूर आहेत! त्यांना हा अंदाज ठाऊक आहे.

दुसरी हन्ना लूकच्या शुभवर्तमानातली, चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा. मंदिर सोडून कुठे जात नसे. उपवास आणि प्रार्थना, रात्रंदिवस. बाहेरून पाहणाऱ्याला वाटले असेल, म्हातारीला दुसरे काम नाही. पण मरिया आणि योसेफ बाळाला घेऊन आले तेव्हा त्याला ओळखणाऱ्यांत ती होती. रोज त्याच ठिकाणी बसणाऱ्या माणसालाच आज काय नवे आले आहे ते कळते.

तिसरी संत अन्ना. तिचे नाव बायबलमध्ये नाही, परंपरेने जपले आहे. तिने मरियेला वाढवले, मरियेने प्रभूला. आजीचे काम नातवाच्या आयुष्यात असे आतून जाते, वरून दिसत नाही.

आणि या तिघींबरोबर यापोची टबीथा, जिला दुर्कस म्हणत. ती मेली तेव्हा विधवा रडत पेत्राभोवती उभ्या राहिल्या आणि तिने केलेले अंगरखे आणि वस्त्रे त्याला दाखवू लागल्या. तिचे एकही वाक्य 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात नाही. तिची साक्ष म्हणजे ती शिवण. पेत्राने ती वस्त्रे बाजूला सारली नाहीत. तो थांबला, गुडघे टेकले.

प्रिय वाचकहो, आपल्या मंडळीत टबीथा असतात. आपण त्यांना विश्रांती घ्या म्हणतो, आणि कधी कधी त्याचा अर्थ 'तुमचे काम आता नको' असा होतो. शरीराला विश्रांती हवी हे खरे. पण हातातले काम काढून घेण्यापूर्वी एकदा विचारू या, हे कोणासाठी चालले आहे?

म्हणून माझी एक विनंती. या जुलैच्या चौथ्या रविवारी मिस्सानंतर घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या आजी-आजोबांजवळ अर्धा तास बसा. भेटवस्तू नेली नाही तरी चालेल. त्यांनी हाताने केलेली एखादी गोष्ट दाखवायला सांगा. विणलेला रुमाल, गोधडी, लोणच्याची बरणी, लावलेले झाड, सुतारकामाची पेटी. आणि ती कोणासाठी केली होती, ते ऐका. मुलांनाही सोबत न्या. एखाद्या मुलीला किंवा मुलाला वीण शिकावीशी वाटली तर अजूनच चांगले.

आजींची लेस अजून पूर्ण नाही. हा लेख लिहिताना एकतिसावे पान सुईवर आहे. मध्ये एका पानात एक छिद्र जास्त पडले आहे. ते उसवू का, असे त्यांनी मला विचारले. मी म्हटले, "राहू द्या." त्या म्हणाल्या, "नाही, ते तुमच्याच घराचं पान आहे, नीटच हवं." आणि त्यांनी ते निळ्या दोऱ्यापर्यंत उसवले.

लेस विणून झाली की ती चुरगळलेल्या चिंधीसारखी दिसते, असे त्या सांगतात. ती ओली करून, ताणून, टाचण्यांनी टोचून वाळवावी लागते. तेव्हाच पाने आणि जाळी उमटते. तोवर विणणारीने ती मनातच पाहायची.

प्रार्थना

हे प्रभू, तुझ्या आईच्या हातांना काम ठाऊक होते. आमच्या घरांतल्या थकलेल्या हातांना तू धर. ज्यांची दृष्टी मंद झाली आहे त्यांना खिडकीतला प्रकाश दे. ज्यांच्या कष्टांना पुरेसे मोल मिळाले नाही, त्या लेस विणणाऱ्या बायांची नावे तू विसरू नकोस. आमच्या घाईच्या बोलण्याने कोणाचे काम थांबले असेल तर आम्हांला क्षमा कर, आणि परत जाऊन विचारण्याची नम्रता दे. आमचे आयुष्य अजून चुरगळलेले दिसते. ते ताणून, सरळ करून, त्यातले चित्र तू एके दिवशी आम्हांला दाखव. आमेन.